तेरा फ्रेमची छत्री

राक्षस मी करते. त्यांची चित्रं दुसरे काढतात, आवाज तिसरे घालतात. पण राक्षस चालणार कसा, मारणार कधी, मारण्याआधी खांदा किती मागे नेणार, हे सगळं माझ्याकडे. ओसाकात, योदो नदीच्या अलीकडे, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर सोळा वर्षं मी हेच करत आलेय. आई अजून शेजारणींना सांगते, "आमची ओरितो कॉम्प्युटरवर काहीतरी करते." चाळिशीला आलेल्या बाईने राक्षस करावेत हे तिच्या काही पचनी पडलेलं नाही.

पण सांगायचंय ते कुजिराईसानांबद्दल. आडनाव कुजिराई, 'सान' मानाचं. वय चौपन्न, अंगाने काडी, बारा महिने तेरा काळ एकच करडा स्वेटर. बायको कधीच सोडून गेली, मूलबाळ नाही. किशिवादातल्या एका न्हाव्याचा मुलगा. त्यांचं काम काय, तर खेळायचं. हसू नका. आमच्याकडे दीडशे माणसं व्हिडिओ गेम बनवतात, पण तो झालाय की नाही हे एकच माणूस सांगायचा.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही 'लोखंडी छत्री' काढली. तिच्यात ओसेन नावाची एक विधवा लोखंडी छत्री घेऊन राक्षसांशी लढते. लढते म्हणजे नाचतेच. राक्षसाचा घाव अंगाला लागणार, अगदी लागलाच, अशा क्षणी बटण दाबलं की ओसेन बाजूला सरकते, छत्री फटकन उघडते, सगळं जग मंद होतं आणि तिला उलटा वार करता येतो. ऑफिसात आम्ही त्याला नुसतं 'छत्री उघडणं' म्हणतो. तो क्षण किती मोठा? सेकंदाचे साठ तुकडे करा. एकेका तुकड्याला फ्रेम म्हणतात. क्षण नऊ फ्रेमचा. हे नऊ कुजिराईसानांनी चार दिवस खेळून ठरवलं होतं. दहा म्हणजे लाड, आठ म्हणजे छळ, असं त्यांचं म्हणणं. त्या नऊवर लाखो लोकांनी जीव टाकला.

तेव्हापासूनचा नियम असा, की माझ्या प्रत्येक राक्षसाने कुजिराईसानांवर शंभर वार करायचे. त्यांनी नव्वद छत्र्या उघडल्या तर राक्षस पास. कमी उघडल्या तर राक्षस अन्यायी, घेऊन जा परत.

दुसरा नियम दोन रकान्यांचा. कामाचा एकेक टप्पा झाला की प्रत्येकाने एक कागद भरायचा. वरच्या रकान्यात खेळातलं चांगलं, खालच्यात वाईट, आणि खाली आपल्या नावाचा लाल शिक्का. दिग्दर्शक निरासावा ते कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. पहिल्या वर्षी मी खाली "काही नाही" असं लिहिलं होतं. कुजिराईसानांनी कागद परत आणून दिला.

"ओरितो, आईच्या हातच्या जेवणालासुद्धा मी खालचा रकाना रिकामा ठेवत नाही. तू कोण लागून गेलीस?"

मग दुसरा भाग करायला घेतला. चांगलं काय होतं ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती रडते. ओसेनच्या बाह्या. वळताना त्या अशा उडतात, की जेवणाच्या सुट्टीत हिशेबखात्यातली माणसंसुद्धा आमच्या खुर्चीमागे उभी राहून बघायची. सात छत्र्या, प्रत्येकीचा वार वेगळा, आणि एका छत्रीचा वार अर्धवट सोडून दुसरी काढता येते. एकदा हाताला वळण पडलं की माणूस जेवणखाण विसरतो. आणि वाईट? अरुंद गल्लीत कॅमेरा खांबाआड जातो आणि जो दिसतच नाही त्याचा मार खावा लागतो. मध्येच नावेचं एक प्रकरण आहे, ते निरासावांशिवाय कोणालाही नको होतं. आणि वेळ संपला म्हणून पहिल्या भागातला घंटावाला भिक्षू रंग बदलून तीनदा आणला. हे सगळं कुजिराईसानांनी खालच्या रकान्यात लिहिलं होतं. शब्दाला शब्द हेच.

त्या भिक्षूशी ते रोज सकाळी खेळायचे. साडेसातला, मजल्यावर कोणी नसताना. डब्यातली कॉफी, गोड मेलनपाव, मांडीवर पंचा. शंभर वार झाले की वहीत आकडा मांडायचा. मी उपनगरातून पहिल्या गाडीने येते म्हणून मला हे माहीत.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा दोन रकान्यांचा कागद माझ्या हातात आला. शिक्का दोनदा उमटला होता. म्हणजे मारलेला एकदाच, पण कडेला कड लागून दुसरी कड. सोळा वर्षांत त्यांचा शिक्का कधी हलला नव्हता. न्हाव्याचा मुलगा, हात कसा ठेवायचा ते त्यांना शिकवावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"किती, कुजिराईसान?"

"शहाऐंशी. थंडी बघ किती पडलीय."

त्याच्या पुढच्या दिवशी चौऱ्याऐंशी. खेळ थांबला की उजवा हात ते टेबलाखाली घ्यायचे. मी वाकून बघितलं. अंगठा आणि तर्जनी आपली आपणच हलत होती, तांदळाचा दाणा बोटांत फिरवावा तशी. त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. हाताला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात निरासावा लिफ्टमध्ये कोणाला तरी म्हणत होते, अगदी गोड आवाजात. गोड आवाजातच ते माणसं कापतात. "कुजिराईंनी फार केलं कंपनीसाठी. एकदा नव्वद सुटलं की तिसऱ्या मजल्यावर नेऊ, विश्रांती मिळेल." तिसऱ्या मजल्यावर जुन्या डिस्क ठेवतात. तिथे खिडकीपाशी दोन माणसं बसलेली असतात, चहा पितात आणि निवृत्तीची वाट बघतात. तिथून परत वर आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

सहा फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता, भर ऑफिसात, मी खेळाच्या आकड्यांचा तक्ता उघडला आणि नऊचे दहा केले. प्रत्येक बदलापुढे कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती." हात माझाच, पण चोरी करताना होतो तसा ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. कुजिराईसानांनी कॉफीचा डबा एका दमात संपवला.

"बघ. थंडीच होती."

मी म्हटलं, "हो ना." आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये आकडा परत घसरला. अकरा तारखेला मी दहाचे अकरा केले. कोणालाच कळलं नाही, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण दोन दोन वर्षं एकच खेळ खेळणाऱ्या माणसांची गंमत असते. खेळ सोपा झाला की आम्हाला वाटतं आपला हात बसला. मजलाभर सगळ्यांचे आकडे वाढले आणि जो तो स्वतःची पाठ थोपटू लागला. ज्यांनी जन्मात साठच्या वर छत्र्या उघडल्या नव्हत्या त्या निरासावांनी पंच्याहत्तर उघडल्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मांसाचे वाफाळते बन खाऊ घातले. मी दोन खाल्ले.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारी आम्ही खालच्या दुकानात उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, खायला बसलो होतो. कुजिराईसान डाव्या हातात जेवायच्या काड्या धरत होते. मी बघतेय हे बघून म्हणाले, "सवय करतोय. डोक्याला चांगलं असतं म्हणे." मग काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"माझ्या वडिलांचा हात थरथरायला लागला, तेव्हा मी कॉलेजात होतो," ते म्हणाले. "वस्तरा धरणारा हात. गावातली गिऱ्हाइकं एवढी भली, की कोणी चकार शब्द काढला नाही. घरून दाढी करून यायचे आणि म्हणायचे, आज नुसते केस कापा. एकेक करून सगळेच. बाबांना वाटायचं, हल्ली लोक दाढी घरीच करतात, जमाना बदलला. वर्षभर, ओरितो. वर्षभर साऱ्या गावाला माहीत होतं आणि ज्याचा हात त्यालाच माहीत नव्हतं."

"मग?"

"मग एक परका माणूस आला. त्याचा कान कापला. त्या रात्रीपासून बाबा दुकानात गेले नाहीत. आजाराचा राग नव्हता त्यांना. आयुष्यभर डोकी ज्यांची हातात घेतली त्या लोकांचा होता. मलाही आहे. अजून त्या गल्लीतून मी जात नाही."

तेव्हा तक्त्यात अकराचा आकडा होता.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच जाऊन नऊ का केले नाहीस? रोज ठरवायचे. पण एका सकाळीत एक्क्याण्णवावरून साठावर उतरलेला माणूस मला डोळ्यांसमोर दिसायचा, आणि त्याने "कसं काय झालं गं?" असं विचारलं तर काय सांगू? शिवाय मी भित्री आहे. राक्षस करणारी माणसं शूर असतात असं काही नाही. मेमध्ये बारा केले. जुलैत तेरा. दर खेपेला तेच दोन शब्द, किरकोळ दुरुस्ती. त्यांची पावलं माझ्या टेबलाकडे वळली की मी तक्ता मिटून टाकायचे, आणि ते "पेन आहे का?" असं विचारून निघून गेले की मी पाच मिनिटं नुसती बसून राहायचे.

एकदा आडून प्रयत्न केला.

"कुजिराईसान, एकदा हात डॉक्टरला दाखवा ना."

"का?"

"डाव्या हाताने जेवता म्हणून म्हटलं."

त्यांनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. आकडे बारीक झाले होते, मुंगीएवढे. "हे बघ. एक्क्याण्णव, नव्वद, त्र्याण्णव. आजारी हाताला हे जमेल? नऊ फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सासुद्धा नाही. डॉक्टर काय, बोट हलवा म्हणेल आणि गोळ्या देईल. हा भिक्षूच माझा डॉक्टर. तो खोटं बोलत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "रोज सकाळी जिना चढताना वाटतं, आज कळणार. पाय जड होतात बघ. मग नव्वद होतात आणि एक दिवस मिळतो. कोणाला सांगू नकोस."

मी कोणाला सांगणार होते?

ऑक्टोबरात खेळाचा पहिला अध्याय लोकांना चाखायला म्हणून फुकट खुला केला. आमच्या खेळाडूंची जात मला माहीत होती, तरी तो विचार मला शिवला कसा नाही, देव जाणे. भीतीने माणूस जवळचं तेवढं बघतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत फुकुओकाच्या एका पठ्ठ्याने दोन्ही भागांतला भिक्षू चित्रित करून, एकेक फ्रेम मोजून, लेख टाकला. बाह्यांचं कौतुक, सात छत्र्यांचं कौतुक, गल्लीतल्या कॅमेऱ्याला शिव्या, नावेच्या प्रकरणाला त्याहून जास्त शिव्या. आणि शेवटी एक तक्ता. पहिला भाग नऊ. दुसरा भाग तेरा. खाली लिहिलं होतं, "दात काढून घेतलेत."

खेळाडू लिहितात ते कुजिराईसान अक्षरन् अक्षर वाचतात. मी मान वर केली तेव्हा ते वाचत होते. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग वही उघडली आणि पानं मागे मागे उलटत गेले. ते काय शोधत होते ते मला कळत होतं. मजल्यावर नेहमीसारखी टकटक चालू होती, कोणीतरी हसत होतं.

ते उठून माझ्या टेबलापाशी आले.

"तेरा कोणी केले?"

"मी."

"निरासावांनी सांगितलं?"

"नाही."

"कधी?"

"एकदम नाही केले, कुजिराईसान."

त्यांचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता आणि खिसा हलत होता.

"नऊ कर," ते म्हणाले.

मी केले. ते जाऊन बसले, पंचा मांडीवर घेतला. सकाळचे साडेअकरा. मी मागे उभी होते. माझ्याच राक्षसाने त्यांच्यावर शंभर वार केले आणि प्रत्येक वाराला मी डोळे मिटत होते. बटणाचा आवाज येत होता, पण प्रत्येक वेळी जरासा मागून. त्यांनी स्वतः वहीत आकडा लिहिला. एक्केचाळीस.

"माझ्या वडिलांच्या गिऱ्हाइकांत आणि तुझ्यात फरक काय, ओरितो?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "काही नाही." रडू येत होतं, पण माझा रडायचा काय हक्क होता?

संध्याकाळी कागद द्यायचा होता. त्यांनी दोन्ही रकाने भरले, डबीतून शिक्का काढला, कागदावर नेला आणि तसाच वर धरून राहिले. कागदाच्या बोटभर वर शिक्का हलत होता. मग तो त्यांनी माझ्या हातात दिला. स्वतःचा शिक्का त्यांनी बायकोच्या हातीसुद्धा कधी दिला नसेल.

"तू उठव. सरळ उठव."

मी उठवला. उठवताना वाचलं. वर लिहिलं होतं: छत्री आता कोणालाही उघडता येते. खाली: ती आपल्या हाताने उघडली की खेळाने उघडून दिली, हे खेळ सांगत नाही.

निरासावांनी ते मोठ्याने वाचलं. मी उभी राहून सगळं सांगून टाकलं. कोणाच्या हातासाठी, तेवढं सोडून. तेवढं कुजिराईसानांनी स्वतः सांगितलं, बसल्या जागेवरून, दोन वाक्यांत. निरासावा नेहमीसारखं गोड काही बोलले नाहीत. त्यांनी ठरवलं ते एवढंच: साध्या खेळात तेरा, कठीण खेळात नऊ, आणि कोणतं चालू आहे ते पडद्यावर लिहायचं. माझा पगार कापला, तो कापायलाच हवा होता. नावेचं प्रकरण मात्र त्यांनी काढलं नाही.

दोन दिवस कुजिराईसान माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गुरुवारी तेन्नोजीच्या इस्पितळात वेळ घेतलीय. तू येणार आहेस."

विचारलं नाही, सांगितलं. रेल्वेत आम्ही शेजारी बसलो. ते खिडकीतून बघत होते आणि मी त्यांच्या खिशाकडे. तिसऱ्या मजल्याची भीती केव्हाच संपली होती. ही दुसरी होती, हिला नाव होतं आणि ते नाव दोघांपैकी कोणीही घेत नव्हतं.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्याहूनही. तिने त्यांना चालायला लावलं, कागदावर गोल गोल चक्र काढायला लावलं, अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांना लावायला सांगितलं. डावा हात चालला. उजवा चालला, मग लहान होत गेला, मग थांबला.

"शंभरात किती?" कुजिराईसानांनी विचारलं.

ती हसली नाही. म्हणाली, अजून तपासण्या करायच्या आहेत, पण मला जे वाटतंय ते असेल तर औषध आहे. मुळातून जात नाही, पण हात बराच काळ हातात राहतो. मग तिने कागद ओढून घेतला.

"हे सुरू कधी झालं? आठवतंय का? आणि कसं वाढत गेलं? बहुतेकांना सांगता येत नाही, पण अंदाज असला तरी मदत होते."

कुजिराईसानांच्या वहीत फेब्रुवारीपासून जवळजवळ सगळे नव्वदच होते. सगळ्या बऱ्या हाताच्या नोंदी. ते माझ्याकडे वळले. रागाने नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूस मान सोडून देतो तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं.

"हिला माहीत आहे," ते म्हणाले. "सांग, ओरितो."

मी पिशवीतून कागद काढला. माझ्या चोरीची यादी आदल्या दिवशीच छापून घेतली होती, का ते मलाही ठाऊक नव्हतं. चार ओळी. प्रत्येकीपुढे 'किरकोळ दुरुस्ती'.

"सहा फेब्रुवारी," मी म्हटलं. "एक फ्रेम. अकरा मार्च, आणखी एक. एकोणीस मे, आणखी एक. आठ जुलै, आणखी एक."

डॉक्टरणीने लिहिता लिहिता पेन थांबवलं. "फ्रेम म्हणजे?"

"सेकंदाचा साठावा भाग," कुजिराईसान म्हणाले. "एवढा एवढा हात मागे पडत गेला. लिहून घ्या, तिचे आकडे बरोबर आहेत."